रेंज फुल आणि नेट शून्य: परक्या एअरपोर्टवरचा पहिला तास

नमस्कार ताई,

मागच्या वर्षी आम्ही दोघं परदेशात फिरायला गेलो तेव्हा विमान रात्री साडेबाराला उतरलं. नवरा आधीपासून म्हणत होता एअरपोर्टवर फुकट वाय-फाय असतंच, नेटसाठी वेगळे पैसे कशाला. तिथे वाय-फायने मोबाइल नंबर मागितला, ओटीपी पाठवलाय म्हणाला, आणि तो काही आलाच नाही कारण नवऱ्याच्या सिमला रोमिंगच नव्हतं. सिमकार्डाच्या काउंटरचं शटर बंद. राहायच्या जागेचा पत्ता आणि दाराचा कोड, दोन्ही ईमेलमध्ये. माझ्या सिमला रोमिंग होतं पण पॅक नव्हता, शेवटी घाबरून तेच चालू केलं, ईमेल उघडला, दहा मिनिटांत बंद केलं, आणि जे बिल आलं ते आमच्या घरात अजूनही प्रत्येक भांडणात निघतं. आता दीड महिन्याने परत निघतोय, या वेळी तीन देश आणि सोबत सासूबाई, त्यांचा फोन जुना. नवरा अजूनही वाय-फायवर ठाम आहे, नणंद म्हणते ई-सिम घे, तिकीट काढून देणारे म्हणतात तिथे उतरल्यावर सिम घ्या. कोणाचं ऐकू?

— कोडवाल्या दाराबाहेर उभी

नणंदेचं ऐका. पण पूर्ण नाही, आणि बाकीचे दोघं अगदीच चुकीचं सांगतायत असंही नाही, ते फक्त वेगळ्या वेळेबद्दल बोलतायत.

म्हणजे बघा, तुम्हाला नेट दोन कामांसाठी लागतं आणि सगळेच जण ती दोन कामं एकत्र करून घोळ घालतात. एक काम म्हणजे विमानातून उतरल्यापासून खोलीचं दार उघडेपर्यंतचा तास-दीड तास. दुसरं म्हणजे पुढचे दहा-पंधरा दिवस. दुसऱ्या कामासाठी काय स्वस्त, कुठली कंपनी बरी, हे सगळं तिथे पोचून, झोप काढून, दुसऱ्या दिवशी निवांत बघता येतं. पहिल्या कामाला डेटा अगदी थोडा लागतो, दोन-चार मेसेज, एक नकाशा, एक टॅक्सी, एक ईमेल, फोटो बॅकअप वगैरे बंद असेल तर शंभर एमबीसुद्धा पुरून उरतात, पण तो लागतो त्याच मिनिटाला, आणि तेव्हा तुम्ही दमलेल्या असता, हातात सामान असतं, मागे रांग असते. त्या अवस्थेत माणूस काहीही विकत घेतो किंवा काहीही चालू करतो, तुम्ही केलंत तसं. म्हणून पहिल्या तासाचं नेट घरूनच फोनमध्ये भरून न्यायचं, एअरपोर्टवर फक्त दोन बटणं फिरवायची, एवढंच.

आता मिस्टरांचं वाय-फाय. ते असतं, बऱ्याच ठिकाणी चांगलंही असतं. पण ते उघडायला एक पान येतं आणि ते पान कुठे नुसतं ईमेल मागतं, कुठे नंबर मागून ओटीपी पाठवतं, चीनमधल्या काही एअरपोर्टवर तर मशीनमध्ये पासपोर्ट स्कॅन करून कोड घ्यावा लागतो. आणि समजा लागलं, तरी ते तुम्हाला सोडतं कुठे? बरोबर बाहेरच्या दाराशी, जिथे गाडीचा नंबर शोधायचा असतो आणि ड्रायव्हरचा मेसेज येणार असतो. गाडी निघाली की संपलंच. त्यामुळे वाय-फाय हा दुसरा पर्याय म्हणून मनात ठेवायचा, त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

काउंटरवर सिम घेण्याचा एक मोठा फायदा आहे, समोरचा माणूस सिम घालून, नेट चालवून दाखवून मगच तुम्हाला सोडतो, आणि ज्यांना फोनच्या सेटिंगची भीती वाटते त्यांना ते बरं पडतं. पण रात्री उशिरा काउंटर बंद असू शकतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, शिवाय बऱ्याच देशांत पासपोर्ट दाखवून सिमची नोंदणी करावी लागते, म्हणजे रांग, आणि एअरपोर्टवरचा पॅक गावातल्या दुकानापेक्षा बहुतेक वेळा महाग. जपानसारख्या ठिकाणी पाहुण्यांना मिळणारी सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात, त्यावर साधा फोन नंबर मिळत नाही. तुर्कीत बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथलं सिम १२० दिवस चालतं, नंतर फोनची नोंदणी केली नसेल तर तो फोन तिथल्या नेटवर्कवर बंद होतो, फिरायला जाणाऱ्याला त्याचा फरक पडत नाही पण मुलाकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्यांना पडतो. आणि एक गंमत, अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनला सिमचा ट्रेच नाही, २०२२ पासून. कुणी नातेवाइकाने तिकडून आणलेला फोन तुम्ही वापरत असाल तर काउंटरवरचं प्लास्टिकचं सिम घालणार कुठे?

तर ई-सिम. म्हणजे वेगळं कार्ड नाही, फोनच्या आतच चिप असते आणि कंपनीची माहिती नेटवरून त्यात उतरवून घ्यायची. तुमचं नेहमीचं सिम जागेवरच राहतं, हे मला सगळ्यात आवडतं, कारण ते इवलंसं सिम काढून पाकिटात कुठेतरी ठेवायचं आणि परत येताना शोधत बसायचं हा प्रकार मी भरपूर केलाय.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा, आजच बघा. फोनवर डायल करायच्या जागी *#०६# टाका. आयएमईआयचे नंबर येतील, त्यासोबत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिम आहे. नुसतं मॉडेलचं नाव बघून ठरवू नका, कारण त्याच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळा बनवून विकतात, चीनमध्ये विकल्या गेलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिमच नाही, दोन साधी सिम बसतात. दुसरं, फोन कुठल्या कंपनीला लॉक नाही ना. हप्त्यावर कंपनीकडूनच घेतलेला फोन असेल तर तो लॉक असू शकतो, आणि लॉक असेल तर तो दुसऱ्याचं सिम घेणारच नाही, मग ई-सिम असो नाहीतर प्लास्टिकचं.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते. मी एकदा बोर्डिंगच्या रांगेत उभं राहून ई-सिम विकत घेतलं, पैसे गेले, क्यूआर कोड ईमेलवर आला, मी खूश. उतरल्यावर लक्षात आलं की ई-सिम फोनमध्ये उतरवून घ्यायलाच नेट लागतं. म्हणजे नेट मिळवायला नेट पाहिजे! आणि जो कोड स्कॅन करायचा तो माझ्याच फोनच्या स्क्रीनवर, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? (नव्या आयफोनमध्ये, म्हणजे आयओएस १७.४ पासून, कोडच्या फोटोवर बोट दाबून धरलं की ई-सिम टाकायचा पर्याय येतो, काही अँड्रॉइड फोन गॅलरीतून कोड घेतात, तेव्हा माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.) शेवटी सामानाच्या पट्ट्याशेजारी एका काकांचा हॉटस्पॉट मागितला, त्यांच्या फोनवर कोडचा फोटो पाठवला आणि तो स्कॅन केला, तोवर पट्ट्यावर माझी एकटी बॅग फिरत होती.

म्हणून ई-सिम निघायच्या एक-दोन दिवस आधी, घरच्या वाय-फायवर, शांतपणे फोनमध्ये टाकून ठेवायचं. टाकलं म्हणजे लगेच दिवस सुरू होतात असं बहुतेक पॅकमध्ये नसतं, तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडलं की मोजणी सुरू होते, पण काही पॅकमध्ये टाकल्या क्षणापासून होते, ते घेताना लिहिलेलं असतं, ती एक ओळ वाचाच. क्यूआर कोड साधारण एकदाच वापरता येतो, त्यामुळे 'बघू चालतंय का' म्हणून टाकायचं, काढायचं, परत टाकायचं असं करू नका, काढून टाकलं तर बऱ्याचदा नवीन कोड मागावा लागतो. आणि कोडसोबत अ‍ॅक्टिव्हेशनचा जो लांब मजकूर येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, स्कॅन झालंच नाही तर तो हाताने टाकता येतो. तुर्कीत तर २०२५ मध्ये प्रवासी ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच वेबसाइट बंद केल्या, म्हणजे तिथे पोचून घेऊ म्हटलं तर वेबसाइटच उघडणार नाही. आधी टाकून नेलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

टाकताना फोन नाव विचारतो, तिथे 'प्रवास' असं काहीतरी द्या. नाहीतर मग सेटिंगमध्ये दोन सिमची नावं सारखीच दिसतात आणि रात्री साडेबाराला कुठलं कुठलं तेच कळत नाही.

आता ती दोन बटणं, इथे बहुतेक जण अडकतात म्हणून जरा सावकाश सांगते. पहिलं, मोबाइल डेटा कुठल्या सिमवरून घ्यायचा तिथे 'प्रवास' निवडायचं. दुसरं, त्याच ई-सिमच्या आत जाऊन 'डेटा रोमिंग' चालू करायचं. हो, चालू. मागच्या वर्षीच्या बिलानंतर तो शब्द बघूनच तुमच्या पोटात गोळा येणार हे मला माहीत आहे, पण इथे तो चालूच पाहिजे. कारण हे प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा भलत्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुम्ही जिथे उतरलात तिथल्या नेटवर्कवर ते स्वतःच पाहुणं असतं. त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत, पॅक संपला की नेट बंद पडतं, बिल येत नाही. रोमिंग बंद ठेवलं की काय होतं माहितीये, वर रेंज फुल दिसते, कंपनीचं नावही येतं, आणि एकही पान उघडत नाही. लोक मग फोन बंद-चालू करत बसतात, ई-सिमवाल्याला शिव्या घालतात, आणि ते एक बटण तसंच राहतं.

तुमच्या नेहमीच्या सिमचं नेमकं उलटं. त्याचं डेटा रोमिंग बंद, घरीच बंद करून निघायचं. आयफोन असेल तर अजून एक बटण आहे, ज्याने गरज पडली तर फोन आपणहून दुसऱ्या सिमचा डेटा घेतो, तेही बंद करा. पण ते सिम पूर्ण बंद करू नका, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. त्यासाठी निघायच्या आधी तुमच्या कंपनीकडून त्या सिमवर रोमिंग चालू करून घ्या, आणि आलेल्या एसएमएसचे पैसे लागतात का ते तेव्हाच विचारा. बऱ्याच कंपन्या एसएमएस यायचे पैसे घेत नाहीत, फोन उचलायचे मात्र घेतात, तेव्हा अनोळखी नंबर वाजला तर वाजू द्या. मिस्टरांचंही हे करून घ्या, मागच्या वेळी अडलं ते तिथेच.

तुमचं ते बिल कसं झालं असेल सांगते. तुम्हाला वाटतंय तुम्ही एक ईमेल उघडला. पण फोन कितीतरी तास फ्लाइट मोडवर होता, त्याला नेट मिळाल्यावर त्याने तुंबलेलं सगळं एकदम ओढायला घेतलं, ग्रुपवरचे व्हिडिओ, निघताना काढलेल्या फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट. ईमेल त्यातला सगळ्यात छोटा. आणि पॅक नसताना प्रत्येक एमबीचा दर वेगळाच लागतो. म्हणून या वेळी प्रवासी ई-सिम असलं तरी फोटोचा बॅकअप फक्त वाय-फायवर, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद, आणि डेटा सेव्हर चालू, हे घरीच करा. नाहीतर छोटा पॅक टॅक्सी यायच्या आत संपेल.

आणि विमानात फ्लाइट मोड दार उघडेपर्यंत ठेवाच. काही विमानांत सॅटेलाइटवर चालणारं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते पकडतो, त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक धरलेला नसतो. समुद्रातल्या मोठ्या जहाजांवरही हेच.

उतरलात, फ्लाइट मोड काढला, की दोन-तीन मिनिटं थांबा, पहिल्यांदा नेटवर्क शोधायला वेळ लागतो. नाही आलं तर ती दोन बटणं परत बघा. तरी नाही तर नेटवर्कची निवड 'आपोआप' वरून काढून यादीतली दुसरी कंपनी निवडा. तरीही नाही तर एपीएन, म्हणजे नेट जोडायला सिमच्या सेटिंगमध्ये टाकायचं एक नाव, तो विकणाऱ्याने ईमेलमध्ये लिहिलेला असतो, तो जसाच्या तसा टाका, एक टिंब चुकलं तरी चालत नाही, म्हणून त्याचाही स्क्रीनशॉट पाहिजे. एवढ्यात बहुतेकांचं सुरू होतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपने विचारलं की नवीन सिम दिसतंय, नंबर बदलायचा का, तर नाही म्हणा, जुन्याच नंबरवर चालतं ते.

तुम्ही तीन देश म्हणालात पण कुठले ते लिहिलं नाहीत. तिन्ही एकाच भागात असतील तर सगळ्यांचा मिळून एक पॅक बघा, पण नकाशावर शेजारी आहेत म्हणून पॅकमध्येही असतील असं धरू नका, देशांची यादी उघडून नाव वाचा. युरोपात जायचं असेल तर तिथल्या एका देशात घेतलेलं सिम बाकीच्यांतही जास्तीचे पैसे न देता चालतं, १५ जून २०१७ पासून तसा नियमच आहे, युरोपियन युनियनचे २७ देश आणि वर आइसलँड, नॉर्वे, लिक्टेनस्टाइन. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्या नियमात नाहीत, आणि लोक नेमके तिथेच जातात. चीनला जाणार असाल तर तिथलं सिम किंवा तिथलं वाय-फाय घेतलंत तर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप बंद, पण बाहेरच्या कंपनीच्या ई-सिमवर नेट बाहेरच्या देशातून फिरून येतं त्यामुळे चालतं. याच फिरून येण्यामुळे कधीकधी वेबसाइट भलत्याच भाषेत उघडते किंवा बँकेचं अ‍ॅप कुरकुर करतं, घाबरू नका.

मध्ये कुठे विमान बदलायचं असेल आणि तो देशही पॅकच्या यादीत असेल तर तिथे ई-सिम चालू करू नका, चार तासांच्या थांब्यासाठी सात दिवसांची मोजणी सुरू होईल. 'दिवस' म्हणजे कुठे चोवीस तास, कुठे तारीख बदलली की दिवस संपला, असंही असतं. 'अनलिमिटेड' लिहिलेलं असेल तर खाली बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा रोज ठरावीक डेटानंतर स्पीड इतका पडतो की नकाशा तुकड्या-तुकड्याने उघडतो.

आणि त्याच बारीक अक्षरात हॉटस्पॉटचं बघा, काही अनलिमिटेड पॅकवर तो बंद असतो किंवा अगदी थोडा देतात. हे सासूबाईंसाठी. त्यांच्या जुन्या फोनवर ई-सिम नसणार असं धरून चालते, त्यांच्यासाठी वेगळं काही घेऊ नका, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या. घरीच एकदा त्यांचा फोन तुमच्या हॉटस्पॉटला जोडून ठेवा म्हणजे तिथे पासवर्ड टाकत बसायला नको. आयफोनचा हॉटस्पॉट असेल तर पहिल्यांदा जोडताना तुमच्या फोनवर हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा, नाहीतर दुसऱ्या फोनला तो दिसतच नाही कधीकधी. शक्य असेल तर तुम्हा दोघांची ई-सिम वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या, एकाचं अडलं तर दुसऱ्याचं चालेल, आणि मिस्टर बाथरूमला गेले की सासूबाईंचं नेट गेलं असंही होणार नाही. पण हॉटस्पॉट पंचवीस-तीस पावलांपलीकडे पोचत नाही, म्हणून त्यांच्या पर्समध्ये एक कागद पाहिजे, राहायच्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत आणि तुमचे दोघांचे नंबर देशाच्या कोडसकट. इमिग्रेशनच्या दोन वेगळ्या रांगांत माणसं विभागली जातात आणि मग एकमेकांना अर्धा तास शोधतात, हे मी बघितलंय.

तुमच्याकडेही पत्ता, दाराचा कोड, घरमालकाचा नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट पाहिजेत, गॅलरीत, ईमेलमध्ये नाही. गूगल मॅपमध्ये त्या शहराचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, नेट नसतानाही निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते दाखवतो कारण जीपीएसला नेट लागत नाही. फक्त ऑफलाइन नकाशात गाडीचाच रस्ता मिळतो, बस-मेट्रोचं वेळापत्रक आणि चालत जायचा रस्ता नाही, तेव्हा मेट्रोने जाणार असाल तर तो मार्ग आधी बघून त्याचाही फोटो काढून ठेवा. भाषांतराच्या अ‍ॅपमध्येही ती भाषा डाउनलोड होते.

तिकीटवाल्यांचं सिम तुम्हाला लागलंच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जर तिथला नंबर असल्याशिवाय काही अ‍ॅप चालत नाही असं दिसलं तर, तेव्हा गावातल्या दुकानातून घ्या. तोवर छोट्या पॅकवर भागतं आणि त्यातले बरेचसे तिथूनच रिचार्जही होतात. मिस्टरांचं वाय-फाय खोलीवर पोचल्यावर, दिवसभराचे फोटो चढवायला.

परत येताना विमानात बसल्यावर एक करा, डेटा पुन्हा तुमच्या नेहमीच्या सिमवर टाका. मी एकदा विसरले आणि आपल्याच एअरपोर्टवर उतरून, रेंज फुल असताना, वीस मिनिटं नेट का येत नाही म्हणून कंपनीला फोन लावत बसले होते.